झिजायला केलेली वहाण

आरवलीच्या वेतोबाला केळीचे घड वाहतात, तशाच वहाणाही वाहतात. वेंगुर्ले तालुक्यातल्या या देवळात गेलेल्या प्रत्येकाने त्या पाहिल्या असतील. माणसाच्या पायात कधी बसणार नाहीत एवढ्या मोठ्या, जाड तळाच्या, चामड्याच्या या जोड्या नवस फेडणाऱ्यांनी आणून ठेवलेल्या असतात. वेतोबा रात्री त्या पायात घालून गावाची राखण करतो आणि म्हणून त्यांचे तळ झिजतात, अशी पंचक्रोशीतील श्रद्धा आहे. माझी आजी नव्या वहाणांकडे फारसे पाहत नसे; जुन्या जोडीचा तळ पाहून मात्र ती हात जोडत असे. देवाला वाहिलेल्या बहुतेक वस्तू जपण्यासाठी असतात. सोने पेटीत जाते, वस्त्राची घडी होते, समई उजळून कोनाड्यात ठेवली जाते. वहाण मात्र देवाने वापरावी आणि वापरून संपवावी, अशीच वाहणाऱ्याची इच्छा असते. कारागिराच्या कामाची याहून कठोर आणि याहून सन्मानाची कसोटी मला दुसरीकडे कुठे आढळली नाही. सावंतवाडीतील एका पादत्राणांच्या दुकानाविषयी मला लिहायचे आहे, आणि ते याच कसोटीला धरून लिहावे असे वाटते.

हे दुकान एका तरुण डिझायनर मुलीचे आहे. गाजावाजा तिला नको आहे, म्हणून तिचे आणि दुकानाचे नाव मी येथे देत नाही. मोती तलावाकडून बाजारात शिरणाऱ्या एका आळीत, चिऱ्याच्या जुन्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ते आहे. बाहेरच्या खोलीत एक लांब बाकडे, खिडकीशी शिलाईचे मशीन आणि भिंतीवर मोजके नमुन्याचे जोड; आतल्या खोलीत चामड्याची भेंडोळी, रापी, आऱ्या, हातोडे आणि चामडे ठोकण्याची काळी शिळा. काचेची कपाटे नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला जोड दिसण्याआधी काम करणारी माणसे दिसतात, आणि हे तिने जाणूनबुजून केले आहे. तिच्या आजोबांनी याच गावाच्या आठवडा बाजारात बसून आयुष्यभर चपला शिवल्या. शिवायला आलेल्या चपलेला हात लावायचा, पण ती शिवणाऱ्याच्या हाताचा स्पर्श टाळायचा, हा व्यवहार त्यांनी पाहिलेला होता. चर्मकाराचे काम सर्वांना हवे असे आणि चर्मकार ओटीवर कोणालाच नको असे. आज त्यांची नात त्याच गावात खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकासमोर गुडघ्यांवर बसून पावलाचे माप घेते तेव्हा ते तिने निवडलेले काम असते, त्यावर तिचे स्वतःचे शिक्कामोर्तब असते आणि किंमतही तीच ठरवते. हा फरक मला फार मोठा वाटतो. डिझायनर या शब्दाने तो पुरता सांगितला जात नाही.

शिक्षण तिने पादत्राणांच्या डिझाइनचे घेतले, पण हात तयार झाला तो मुंबईत, चेंबूरजवळच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत. तिथल्या माळ्यांवर, पोटमाळ्यांवर आणि दहा बाय दहाच्या खोल्यांत देशभरातल्या दुकानांसाठी जोड तयार होतात. एक जण अप्पर, म्हणजे जोडाचा वरचा भाग, कापतो, दुसरा कडा तासतो, तिसरा शिवतो, चौथा ताणून चढवतो, पाचवा सोल चिकटवतो. डझनावर मजुरी ठरते आणि जोड कोणाच्या पायात जाणार हे पाचांपैकी एकालाही ठाऊक नसते. तिथे शिकलेला वेग तिला आजही उपयोगी पडतो. परत येण्याचे कारण विचारले तेव्हा तिने एवढेच सांगितले, “काकी, थय मी वर्षभर काम केलंय, पण केलेलो एक जोड कोणाच्या पायात बघूक गावलो नाय.”

माप घेण्याची तिची पद्धत मी लक्षपूर्वक पाहिली आहे. ती गिऱ्हाइकाला सकाळी बोलावत नाही. दिवसभर उभे राहून, चालून पाऊल थोडे सुजते, म्हणून माप दुपार कलल्यावर घ्यायचे. जमिनीवर जाड खाकी कागद पसरलेला असतो, त्यावर गिऱ्हाइकाने दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहायचे. बसून घेतलेले माप फसवते, कारण अंगाचा भार आला की पाऊल पसरते आणि लांबतेही. मग ती पेन्सिल अगदी उभी धरून पावलाची कड आखते. पेन्सिल आतल्या बाजूला किंचित जरी कलली तरी कागदावरचे पाऊल खऱ्या पावलापेक्षा अरुंद उतरते आणि जोड चावतो. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी दोन खुणा होतात, त्यांच्यामधून आडवी रेघ जाते, आणि ही रेघ सरळ नसून तिरपी असते, हे मी तिथेच पहिल्यांदा नीट पाहिले. त्यानंतर कापडी टेपने बोटांच्या मुळांभोवतीचा घेर, पावलाच्या उंचवट्याचा घेर आणि टाचेवरून घोट्याच्या पुढे येणारा घेर घेतला जातो. उजवे आणि डावे वेगवेगळे लिहायचे, कारण बहुतेकांची दोन पावले सारखी नसतात. कागदाच्या कोपऱ्यात ती इतर गोष्टीही टिपते: करंगळीवर घट्टा, डाव्या टाचेला भेगा, अनवाणी चालण्याची सवय, शिंपल्याने कापल्याची जुनी खूण. एका मासेविक्रेत्या बाईंच्या कागदावर तिने “दिवसातून सहा तास ओल्या फरशीवर उभ्या” असे लिहिलेले मी वाचले. त्या बाईंनीही तिला सांगून ठेवले होते, “चावाक लागला तर परत घेवन येतलंय हां.”

बाजारातल्या जोडावरचा नंबर मुख्यतः लांबी सांगतो. इंग्लिश नंबर एकाने वाढला की लांबी एक-तृतीयांश इंचाने वाढते. रुंदीबद्दल दुकानदारही बोलत नाही आणि आपणही विचारत नाही. रुंद पावलाच्या माणसाने एक नंबर मोठा घ्यावा आणि टाच सैल राहिली तर सोसावे, ही आपली रीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक माणसांची पावले मोजली, तेव्हा भारतीय पाऊल सर्वसाधारणपणे युरोपीय आणि अमेरिकी पावलांपेक्षा रुंद असल्याचे दिसून आले आणि त्यातून ‘भा’ या स्वतंत्र भारतीय मापपद्धतीचा प्रस्ताव पुढे आला. तिच्या खाकी कागदांच्या गठ्ठ्यात हेच दिसते. लहानपणापासून कातळावर आणि भाताच्या मळ्यांत अनवाणी चाललेल्या आमच्याकडच्या माणसांची बोटे मोकळी, पंख्यासारखी पसरलेली असतात. त्यांना टोकदार बुटात कोंबणे हा त्या पायांवर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

मापानंतर येते ते कळबूत, म्हणजे ज्याच्यावर चामडे ताणून जोड घडवतात ते लाकडी पाऊल. मुंबईत त्याला फर्मा म्हणतात आणि तिथे तो आता प्लॅस्टिकचा, ठरावीक नंबरांचा, तयार मिळतो. तिला मात्र रुंद पावलांसाठी वेगळी कळबुते हवी होती. सावंतवाडीत राहण्याचा अर्थ तिला इथे कळला, कारण चितारआळी तिच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या आळीतली लाकडी खेळणी आणि फळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पांगाऱ्याचे हलके लाकूड कातून, तासून केलेले आंबे, केळी, सीताफळे, भाज्या आणि भातुकलीची भांडी इथल्या दुकानांत टोपल्यांनी भरलेली असतात. तिथल्या एका वयस्कर कारागिराकडे ती खाकी कागद घेऊन गेली. त्यांनी सवयीने पांगाराच घेतला आणि पाऊल हुबेहूब उतरवले. पण जोड ताणताना चामड्याची कड कळबुताच्या तळाशी चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकावी लागते, त्या चुका उपटून पुन्हा पुन्हा माराव्या लागतात, आणि मऊ पांगाऱ्यात दुसऱ्या खेपेला चूक टिकत नाही. मग त्यांनी जुन्या घराच्या तुळईतून निघालेला, पुरता वाळलेला फणस घेतला. फणसाने चूक धरली.

कळबूत साध्या लेथवर होत नाही, कारण पावलाला कुठेच एकसारखी गोलाई नसते. ते पटाशीने आणि कानशीने, हाताने पुन्हा पुन्हा चाचपत करावे लागते. आतल्या बाजूची कड जवळजवळ सरळ जाते, बाहेरची बाक घेते, टाचेचा भाग वर निमुळता होतो, आणि जोड तयार झाल्यावर कळबूत बाहेर निघायला हवे म्हणून उंचवट्यापाशी त्याचे दोन तुकडे करून पुन्हा जोडावे लागतात. पहिले कळबूत तीनदा परत आले. बोटांच्या मुळाशी ते अर्धी रेष जाड होते. त्या कारागिरांनी आयुष्यात असंख्य आंबे केले होते आणि एकही आंबा कोणी परत आणला नव्हता. ते तिला म्हणाले, “आंबो कधी सांगता काय, माका हय टोचता म्हणान?” हे वाक्य तक्रारीचे नव्हते. पुढची कळबुते करायला त्यांनी आपल्या पुतण्याला जवळ बसवून घेतले, आणि प्रत्येक वेळी आधी एकच प्रश्न विचारला, “ह्यो पाय कोणाचो?” मला सारे सांगायचे आहे ते या प्रश्नाभोवतीचे आहे.

सावंतवाडी हे कारागिरांचे गाव आहे. १८७४ साली बांधलेला मोती तलाव, त्याच्या काठचा जांभ्या दगडाचा राजवाडा आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये बसून रंगकाम करणारे चितारी हे दृश्य पाहायला दूरदूरची माणसे येतात. येथील गंजिफाचे पत्ते गोल असतात. थरांवर थर चिकटवायचे, चिंचोक्याच्या खळीने ताठ करायचे, घोटून गुळगुळीत करायचे, रंगवायचे आणि वरून लाखेचा हात द्यायचा, असे ते काम. दशावतारी गंजिफात एकशेवीस पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा असे बारा. ही कला जवळजवळ संपली होती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला पुन्हा उभे केले. सत्त्वशीलादेवी जुन्या चिताऱ्यांच्या हाताखाली स्वतः शिकल्या, तरुणांना शिकवले, राजवाड्याची जागा दिली आणि २०१८ साली त्यांचे निधन होईपर्यंत हे काम आपले मानले. आज एखादी कुंचला धरलेली मुलगी त्या हॉलमध्ये दिसते, तिच्या हातातली रेघ या दोघांमुळे आहे.

एवढी कृतज्ञता मनात ठेवूनच मला पुढचे म्हणायचे आहे. गंजिफाचा संच आज घरी येतो तो चौकटीत बसायला. पत्ते पिसले जात नाहीत, घामट बोटांनी त्यांची कड मळत नाही, रात्र रात्र डाव रंगत नाही. लाकडी केळी काचेच्या कपाटात जातात आणि पुढच्या पिढीला ती पुसायची वस्तू म्हणून माहीत होतात. वस्तूने कोणाच्या उपयोगी पडण्याची जबाबदारी सोडली की कारागिराला विचारायला कोणी उरत नाही. रेघ थोडी जाड झाली, लाख थोडी पातळ लागली, लाकूड पुरते वाळलेले नव्हते, हे पर्यटकाला कळत नाही आणि कळले तरी तो परत येत नाही. काम हळूहळू सुटत जाते, भावही त्याबरोबर उतरतो, आणि मग मुले म्हणतात की यात पोट भरत नाही. शेजारच्या गोव्यातला मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून येणारी माणसे वाढली आहेत. त्यांच्या पिशवीत मावेल आणि तासाभरात निवडता येईल अशा वस्तूंची मागणीही वाढली आहे. विक्री वाढणे चांगलेच आहे. त्या घरांना पैसा हवा आहे. पण पुन्हा येऊन तक्रार करणारे गिऱ्हाईक हेच कारागिराचे खरे पाठबळ असते, आणि ते गिऱ्हाईक गावातच राहणारे असावे लागते. या दुकानाने चितारआळीला असे गिऱ्हाईक मिळवून दिले, हे त्याचे मला सर्वांत मोठे काम वाटते.

गेल्या वर्षी गोव्याहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने तिला दशावतारी गंजिफाची चित्रे असलेल्या सँडल मागितल्या. पैसे चांगले देऊ केले होते. तिने नकार दिला. मत्स्य, कूर्म, नृसिंह पायाखाली किंवा पायावर येणार नाहीत, एवढे तिने शांतपणे सांगितले. मग ती आणि राजवाड्यात काम करणारी तिची एक मैत्रीण त्या पत्त्यांकडे नव्याने पाहू लागल्या. अवतारांच्या आकृती बाजूला ठेवल्या तर पत्त्याच्या कडेने फिरणारी वेलबुट्टी उरते, तांबड्या, पिवळ्या, काळ्या जमिनीवरचे ठिपके उरतात. ती वेल चामड्यावर उतरवायची ठरली. कागदावर टिकणारा रंग चामड्यावर टिकत नव्हता, कारण पाऊल प्रत्येक पावलागणिक बोटांच्या मुळाशी मुडपते आणि तिथे रंगाला तडे जातात. बऱ्याच प्रयत्नांनंतर त्यांनी वेल टाचेमागच्या भागावर नेली. तिथे आत कडक अस्तर असते, चामडे मुडपत नाही आणि मागून चालणाऱ्याला ती दिसते. त्याच नियमाने लाखकामालाही तिने जागा शोधली. लेथवर फिरणाऱ्या मण्याला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, आणि केवड्याच्या पानाने घासले की तिला पाणी चढते. लाख ठिसूळ असते, दगडावर आपटली की टवका उडतो, म्हणून टाचेला ती चालत नाही. पट्ट्याच्या खुंटीसाठी मात्र चालते. वाटाण्याएवढा तांबडा मणी, त्याला चामड्याचा फासा. बकलापेक्षा तो लवकर सुटतो.

लवकर सुटणे आमच्याकडे फार महत्त्वाचे आहे. कोकणातला माणूस दिवसातून किती वेळा पायातले काढतो याचा विचार जोड करणाऱ्या कारखान्यांनी केलेला दिसत नाही. सारवलेल्या खळ्यात पाय टाकण्याआधी, पडवीच्या पायरीशी, देवळात, शेजारच्या घरी, शाळेच्या वर्गाबाहेर, दवाखान्यातसुद्धा जोड बाहेर राहतो. हात भरलेले असतात. एका हातात नारळ, दुसऱ्यात पिशवी. वाकून नाडी सोडायला कोणाला सवड नसते. म्हणून तिच्या एकाही जोडाला नाडी नाही. मागची पट्टी पायानेच खाली सारता येईल एवढी मोकळी आणि चालताना निसटणार नाही एवढी धरून ठेवणारी असावी, या एका गोष्टीवर तिने एक सबंध हंगाम घालवला. जोड रात्री पडवीत राहतो, त्यामुळे आतून फिका रंग चालत नाही, आणि तांबडी माती चिकटून बसू नये म्हणून तळाच्या खाचा उथळ व रुंद ठेवाव्या लागतात. हे सगळे इथे राहिल्याशिवाय कळण्यासारखे नाही.

पावसाविषयी ती कोणाची फसवणूक करत नाही. सिंधुदुर्गात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि हिरडा व बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्याला कपाटात ठेवल्या जागी बुरशी येते. जून ते सप्टेंबर ती चामड्याचा जोड देत नाही; पावसात साधी रबरी चप्पल घाला, असे सरळ सांगते. त्या चार महिन्यांत कळबुते होतात, दुरुस्त्या होतात, मापांचे कागद नीट लावले जातात. चतुर्थीला चाकरमानी येतात, माप देतात, आगाऊ पैसे देतात, आणि त्यांचे जोड शिमग्याला तयार असतात. गावाचे पंचांग आणि चामड्याचे पंचांग इतके जुळलेले पाहून मला फार समाधान वाटते.

चामडे येते ते आंबोली घाट उतरून, कोल्हापूरकडून. त्यामुळे पुष्कळ जण तिच्या चपलांना कोल्हापुरी म्हणतात आणि ती दरवेळी दुरुस्त करते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांपुरते आहे. सिंधुदुर्ग त्यात नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, महाराष्ट्रभर संताप झाला, आणि ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे त्या कंपनीला मान्य करावे लागले. त्या दिवसांत तिच्याकडे विचारणा करणारे अचानक वाढले होते. पाटीवर कोल्हापुरी अशी चार अक्षरे लिहिली असती तर धंदा झाला असता. तिने लिहिली नाहीत, कारण ज्या घरांनी ती चप्पल पिढ्यान्‌पिढ्या घडवली त्यांचे नाव त्यांच्याकडेच राहावे, असे तिचे मत आहे. मोठ्या कंपनीने हे केले तर अन्याय, आणि शेजारच्या जिल्ह्याने केले तर चालते, असे म्हणता येणार नाही. मला तिचे पूर्णपणे पटते.

कुडाळजवळच्या पिंगुळीतूनही तिने काही घेतले आहे आणि तेही विचारून घेतले आहे. तिथला ठाकर समाज चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करत आला आहे. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. छायाखेळाच्या बाहुलीचे चामडे दिव्याचा उजेड आरपार जावा इतके खरवडून पातळ केलेले असते, आणि दागिन्यांच्या जागी बारीक भोके पाडलेली असतात. दोन भोकांत किती अंतर ठेवले तर चामडे फाटत नाही, हे त्या बाहुल्यांवरून तिला शिकता आले. उन्हाळ्यात पाय घामाघूम होतात तेव्हा तिच्या जोडांच्या वरच्या पट्ट्यांतून वारा खेळतो तो त्या भोकांमधून.

किंमत सांगणेही आवश्यक आहे. तिचा साधा जोड अडीच-तीन हजारांच्या घरात जातो, आणि आमच्या बाजारात दीडशे रुपयांपासून चपला मिळतात. महाग आहे, हे ती नाकारत नाही. तिचे सांगणे असे, की तळ झिजला की जोड परत आणावा. वरचे चामडे शाबूत असेल तर नवा तळ ती थोड्या पैशांत शिवून देते, कारण तिचे तळ नुसते चिकटवलेले नसून शिवलेले असतात आणि शिवण उसवता येते. झिजलेला तळ ती फेकत नाही. बाहेरची कड जास्त झिजली असेल, अंगठ्याखाली खळगा पडला असेल, तर त्या माणसाच्या खाकी कागदावर तशी नोंद होते आणि पुढचे कळबूत त्याप्रमाणे तासले जाते. एका निवृत्त मास्तरांचा जोड तिसऱ्यांदा तळ बदलायला आला तेव्हा तिने चितारआळीतल्या त्या कारागिरांना मुद्दाम बोलावून तो दाखवला. ते तो जोड हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करून पाहत होते. त्यांच्या फणसाच्या कळबुतावर ताणलेल्या चामड्याला मास्तरांच्या पायाचा आकार आला होता, आणि तो बरोबर होता.

युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत जयपूर २०१५ पासून आहे, मुंबई चित्रपटांसाठी २०१९ पासून आणि श्रीनगर हस्तकलेसाठी २०२१ पासून. सावंतवाडी एवढे लहान गाव आहे, की अशा यादीचा विचार त्याच्या मनात येण्याचे कारण नाही. पण लाकूड जाणणारा, लाख जाणणारा, रेघ जाणणारी आणि चामडे जाणणारी अशी चार माणसे जिथे एकमेकांच्या दारात पाच मिनिटांत पोहोचतात, भांडतात आणि उद्या पुन्हा येतात, त्या जागेला सर्जनशील म्हणायला मला कोणाचे प्रमाणपत्र लागत नाही. मुंबईत तिला चांगला भाव देणारे गिऱ्हाईक मिळाले असते. फणसात चूक धरते का, हे सांगणारा शेजारी मिळाला नसता. नगरपालिकेने आणि आपण गावकऱ्यांनी खेळण्यांच्या प्रदर्शनांबरोबर एवढे करावे, की या आळीतल्या माणसांकडे घरच्या गरजेच्या वस्तू मागाव्यात. पाट, पोळपाट, ओट्याखालच्या कपाटाची मूठ, मुलांच्या हातात राहणारी आणि मोडली तर दुरुस्तीला येणारी खेळणी. मागणी आली की हात पुन्हा तीक्ष्ण होतात, याचा पुरावा त्या आळीत आहे.

सध्या ती शाळेच्या मुलांच्या जोडाच्या मागे लागली आहे. काळे बंद बूट आणि मोजे पावसाळ्यात दिवसभर ओले राहतात, मुलांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात आणि दर वर्षी पाय वाढतो म्हणून आईबाप दोन नंबर मोठा बूट घेतात. जवळच्या एका शाळेतल्या बाईंनी परवानगी दिल्यावर तिने एका वर्गाची पावले आखून आणली. तीन रुंदींची कळबुते पुरतील असे तिला दिसते, आणि ती करायचे काम कारागिरांच्या त्या पुतण्याने घेतले आहे. पट्टा पुढेमागे करता येईल, बोटे मोकळी राहतील आणि पाणी निथळून जाईल, असा जोड तिने कागदावर काढला आहे. चामडे इथे चालणार नाही. अडचण तळाची आहे, कारण बाहेरून आणलेल्या रबरी तळाने किंमत शाळेतल्या मुलाच्या घरच्यांना परवडणार नाही एवढी चढते. दोडामार्ग तालुक्यात रबराच्या लागवडी आहेत. तिथल्या एका बागायतदाराने नमुन्यापुरत्या रबराच्या शीट द्यायचे कबूल केले आहे, आणि त्यांपासून लहान मापाचे तळ पाडून मिळतील का, याची चौकशी करायला ती पुढच्या आठवड्यात घाट चढून कोल्हापूरला जाणार आहे.